हरिणी म्हणजे पाणी

पप्पांचा आवाज मोठा होता. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ते दाढी करता करता गायला लागले, की तळमजल्यावरचा गिरणीवाला मान वर करून बघायचा. शाळेत ते मराठी शिकवायचे आणि रविवारी देवळात शास्त्रवाचन करायचे. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो, निदान माझ्या पिढीपर्यंत म्हणत होतो. शाळा सुटून घरी येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावरूनच त्यांची हाक सुरू व्हायची, "लीलाऽ!" लीला म्हणजे माझी आई. ती एका इस्पितळात नर्स होती, आणि ड्यूटी संपवून ती कधी घरी येईल याचा नेम नसे. पण आई घरात असो नसो, हाक यायचीच. आमच्याच गॅलरीत पलीकडच्या दोन खोल्यांत राहणारे लेलेकाका एकदा पप्पांना म्हणाले, "साळवे, आमच्या घरात लीला नावाचं कोणी नाही. तरी तुमची हाक आली की आमच्या हिला ओ द्यावीशी वाटते." पप्पा मोठ्याने हसले आणि दुसऱ्या दिवशी तशीच हाक मारत वर आले.

संध्याकाळी पोळ्या झाल्या की आमच्याकडे उपासना असायची. उपासना म्हणजे पप्पांनी डोळे मिटून एक स्तोत्र म्हणायचं आणि मग प्रार्थना. पुस्तक समोर असायचं, पण ते उघडावं लागत नसे. माझे आजोबा नगरकडच्या एका खेड्यात उपदेशक होते आणि मुलाने स्तोत्र तोंडपाठ म्हटल्याशिवाय त्याच्यापुढे ताट येऊ द्यायचे नाहीत. त्यामुळे पप्पांना स्तोत्रं आठवायची ती भुकेबरोबर, असं ते स्वतःच गमतीने सांगायचे. आई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसायची, मांडीवर सूप आणि सुपात तांदूळ. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्या सुजलेल्या असायच्या. पप्पा स्तुतीच्या स्तोत्रात चढत जायचे, आणि आई खडे वेचत राहायची. तिचं लक्ष आहे की नाही, हे कळायचं नाही. एकदा पप्पा म्हणाले, "लीला, निदान एखादं स्तोत्र तू म्हण." ती म्हणाली, "तुमचा आवाज पोचतो तिथवर. माझा कशाला मधे?" हे ती रागाने बोलली नव्हती. थकलेलं माणूस जसं बोलतं तसं बोलली होती. रविवारी मात्र देवळातून आल्यावर ती मटणाचा रस्सा करायची, आणि मसाला परतायला लागली की लेल्यांची खिडकी हळूच बंद व्हायची. सोमवारी लेलेकाकू नळावर आईला विचारायच्या, "कालचा तुमचा मसाला बटाट्याला चालेल का हो?"

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. पप्पा वर्गात फळ्यावर लिहीत होते. लिहिता लिहिता अक्षर खाली घसरत गेलं, खडू पडला आणि मागोमाग पप्पा. मुलांना वाटलं सर खडू उचलायला वाकले. आईच्याच इस्पितळात त्यांना नेलं. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ एकच आवाज उरला होता, "तत्." पाणी हवं असलं तरी तत्, कूस बदलायची असली तरी तत्. आपण काहीतरी वेगळं म्हणायला गेलो आणि तोंडातून तत् आलं, हे त्यांना कळायचं. ते कळणं त्यांच्या डोळ्यांत दिसायचं, आणि ते मला बघवत नसे.

आईला ड्यूटी सोडता येण्यासारखी नव्हती. मी कॉलेज सोडून घरी बसले. कोणी मला बस म्हटलं नाही. दुसरं कोणी नव्हतंच. त्या महिन्यांतलं मला काय आठवतं म्हटलं तर फिनेलचा वास, खरकट्या पेजेची वाटी, वाळत घातलेल्या चादरी, आणि गिरणीची घरघर. घरघर पूर्वीही असणार, पण पप्पांच्या आवाजाखाली ती कधी ऐकू आली नव्हती. मऊ भात, तांदळाची पेज, मुगाचं कढण. लेलेकाकू मेतकूट पाठवायच्या, तेवढीच काय ती चव. आई घरी आली की न बोलता पदर खोचायची आणि इस्पितळात केलं तेच सगळं पुन्हा घरी करायला लागायची. आम्ही दोघी एकमेकींशी भांडत नव्हतो. भांडायलाही अंगात काही असावं लागतं. उपासना बंद पडली होती. ती बंद करायची असं ठरलं नव्हतं, पण म्हणणारा माणूसच नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांच्याशी बोलत राहा. सुरुवातीला मी बोलले. कोण भेटलं, भाजी काय आणली, पावसाचं काय. पण ऐकणाऱ्याने हूं म्हटलं नाही की बोलणं लवकर संपतं. मग मी वाचायला लागले. घरातली शाळेची पुस्तकं संपली, तेव्हा फळीवरचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं आणि स्तोत्रांपासून सुरुवात केली, कारण ती छोटी असतात आणि कुठेही थांबता येतं. भक्ती वगैरे त्यात काही नव्हती. मी जांभया देत वाचत होते.

असंच एका सकाळी वाचताना स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. मी ओळ अर्धी टाकून धावले. गॅस बंद केला, फडक्याने भांडं उतरवलं, आणि ओट्यावरचं जळकं दूध पुसत असताना बाहेरच्या खोलीतून ओळीचा उरलेला अर्धा भाग ऐकू आला. जड जिभेने, पण स्वच्छ शब्दांत. मला आधी वाटलं लेलेकाका आले. मग तो आवाज ओळखीचा वाटला. मी फडकं हातात घेऊन दारात गेले तर पप्पा छताकडे बघत होते आणि पुढची ओळ म्हणत होते. तीही पुरी झाली. मग ते माझ्याकडे वळले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि आलं, "तत्."

डॉक्टरांना याचं फार नवल वाटलं नाही. ते म्हणाले, "असं होतं. लहानपणी पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं. गाणी, पाढे, प्रार्थना. त्यावरून बोलणं परत येईलच असं धरू नका." आईने मान डोलावली. तिला हे माहीत असावं. मला मात्र राग आला होता. देव घरात आला असं मला वाटलं होतं, आणि डॉक्टरांनी त्याला मेंदूतल्या एका कप्प्यात नेऊन बसवलं. मनात हेच घोळायचं, की पप्पा बोलतायत, की लहानपणी घासलेली रेकॉर्ड वाजतेय?

पण पप्पा शिक्षक होते. जे साहित्य हातात आहे त्याच्यावर वर्ग चालवायची त्यांना सवय होती. एका दुपारी मी शिवत बसले होते, आणि ते म्हणाले, "हरिणी." मी वर पाहिलं. "हरिणी," ते पुन्हा म्हणाले, आणि डोळ्यांनी माठाकडे बघितलं. ओढ्याच्या पाण्यासाठी धापा टाकणाऱ्या हरिणीचं ते स्तोत्र आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि डोळे मिटून असे पडले, की जणू एखादं मोठं काम पार पाडलं आहे. त्यानंतर हळूहळू आमच्या घरात एक नवीनच भाषा सुरू झाली. हरिणी म्हणजे पाणी. प्याला भरून वाहतो म्हणजे चहा पुरे. डोंगरांकडे डोळे लावतो म्हणजे खुर्ची गॅलरीत न्या, नदीपलीकडच्या टेकड्या बघायच्यात. आणि "कुठवर, कुठवर" म्हणजे शौचाचं भांडं आणा, किती वेळ झाला. आई आतून ओरडायची, "आले हो, आले. कुठवर म्हणे!"

आता माझ्या फ्लॅटमध्ये, हडपसरच्या पलीकडे, खालून कंपन्यांच्या बसेस जात असतात, आणि माझी भाची, म्हणजे मामेबहिणीची मुलगी, मोबाइलवर मला स्तोत्रं लावून देते. "मावशी, डोळ्यांना त्रास नको, तू फक्त ऐक." कोणा परक्या माणसाचा गोड आवाज, मागे बासरी. भाचीचं मन मोडू नये म्हणून मी ऐकते. पण हरिणीची ओळ आली की माझा हात अजून पाण्याच्या तांब्याकडे जातो.

लेलेकाका रोज सकाळी पप्पांना पेपर वाचून दाखवायला यायचे. देवाधर्माचं त्यांना वावडं होतं. स्वतःच्या घरातली पूजासुद्धा ते काकूंवर सोडून द्यायचे. पुढाऱ्यांच्या बातम्या ते चवीने वाचायचे. एकदा कोणा मंत्र्याचं भाषण वाचून झालं आणि पप्पा गंभीरपणे म्हणाले, "राजपुरुषांवर भरवसा ठेवू नका." काकांनी चष्मा काढला. "हे तुमच्या शास्त्रात आहे?" मी म्हटलं, "हो काका, स्तोत्रांतच आहे." ते म्हणाले, "एवढं एक आपल्याला मान्य. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." त्या दिवसापासून पेपर वाचून झाला की काका थांबायचे, पप्पा ती ओळ म्हणायचे, आणि मगच काका उठायचे.

हे सगळं आईच्या समोर घडत होतं, आणि ती त्यात नव्हती. म्हणजे हरिणी म्हटलं की ती पाणी द्यायची, पण हसायची नाही. मला तेव्हा त्याचं कारण कळलं नव्हतं.

पप्पा बोलतात ही बातमी देवळात पोचली आणि एका रविवारी तिथली उपासना झाल्यावर धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळकसाहेब, आणि मंडळीतली बरीच माणसं आमच्याकडे आली. दोन खोल्यांत एवढी माणसं मावणार कशी? काहीजण गॅलरीत उभे राहिले. लेलेकाकूंनी त्यांच्या खुर्च्या दिल्या. पाळकसाहेब भले गृहस्थ होते, पप्पांवर त्यांचा खरा जीव होता. त्यांनी पप्पांचा हात हातात घेऊन स्तोत्राचा एक शब्द सांगितला आणि पप्पांनी ते सबंध म्हणून दाखवलं. बायका डोळे पुसायला लागल्या. मग कोणी म्हणालं, आता ते देव माझा मेंढपाळ आहे, ते. मग दुसऱ्या कोणी दुसरं सांगितलं. पप्पा म्हणत राहिले. त्यांना घाम आला होता. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

पाळकसाहेब तिला म्हणाले, "लीलाताई, केवढा चमत्कार आहे हा! जीभ बांधली गेली, पण स्तुती बांधली गेली नाही."

"चहा घ्या पाळकसाहेब," आई म्हणाली. "गार होतोय."

सगळे गेले. मी कप गोळा करत होते. आई पप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच मी जागच्या जागी थांबले.

"अहो," ती म्हणाली, "देवाशी बोलायला तुमच्याजवळ सगळे शब्द आहेत. शब्दावर शब्द. मग माझं नावच तेवढं कसं नाही? लीला. दोन अक्षरं आहेत. एवढ्या महिन्यांत एकदा नाही. मी भरवते, मी पुसते, मी कुशीवर वळवते, आणि आभार तुम्ही त्याचे मानता. तो आला होता का चादरी धुवायला?"

पप्पांचं तोंड उघडलं. "तत्," ते म्हणाले. "तत्, तत्."

"राहू दे," आई म्हणाली. "पण ती स्तोत्रं आता पुरे. निदान माझ्यासमोर नकोत."

तिने ट्रे उचलला आणि आत गेली. पप्पांनी डावा हात तोंडावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्यानंतर पप्पा काहीच बोलले नाहीत. आईसमोर नाही, माझ्यासमोर नाही, कोणासमोरच नाही. पाणी हवं असलं की माठाकडे बोट. पेपर वाचून झाल्यावर काका थांबायचे, वाट बघायचे, मग घडी घालत म्हणायचे, "आज राजपुरुष वाचले म्हणायचे." पप्पा खिडकीकडे बघत राहायचे. मी मुद्दाम पुस्तक घेऊन बसले आणि ओळ अर्धी सोडली, तरी पुढची आली नाही. आईला हे दिसत होतं. ती त्यांचं सगळं आधीसारखंच करत होती, कदाचित जास्तच निगुतीने. मात्र तिच्या ओठांच्या कडेला एक रेघ उमटली होती, ती पुढे कायम राहिली. एकदा रात्रीची भांडी घासताना ती मला म्हणाली, "मी त्यांचं उरलंसुरलं काढून घेतलं, नाही का गं?" मी विसळलेली ताटली फडक्याने पुसत राहिले.

दिवस किती गेले ते सांगता येणार नाही. ते सगळे एकाच रंगाचे होते. एका दुपारी आई नेहमीपेक्षा लवकर आली. चप्पल न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसली. अंगावर ड्यूटीची पांढरी साडी तशीच होती. मी पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. पप्पा खुर्चीत होते. गॅलरीचं दार उघडं होतं आणि बाहेर लेलेकाका कठड्याला टेकून दाढीचा ब्रश उन्हात वाळवत होते.

"वॉर्डात एक मुलगी गेली," आई म्हणाली. ती कोणाला सांगत होती कळत नव्हतं. "बाळंतपणातली. आपल्या प्रमीच्याच वयाची. सकाळपासून माझा हात सोडत नव्हती. मला विचारत होती, सिस्टर, मी घरी जाईन ना? मी हो म्हणाले." तिने पाणी तसंच खाली ठेवलं. "मी हो म्हणाले हो," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी ते पप्पांनाच होतं.

पप्पा तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "कुठवर?"

आई यंत्रासारखी उठली. "आले. थांबा, भांडं आणते."

पप्पांनी जोराने मान हलवली. डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. "कुठवर," ते म्हणाले, आणि वर पाहिलं, छताच्याही वर कुठेतरी, "कुठवर विसरणार? कायमचा विसरणार? कुठवर तोंड लपवणार?" त्यांचा जुना आवाज परत आला होता, तोच, तळमजल्यापर्यंत जाणारा. ते स्तोत्र म्हणत नव्हते. ते भांडत होते. आजारात ते कधी स्वतःसाठी असे भांडले नव्हते. वर्गात एखाद्या गरीब पोरावर अन्याय झाला तर हेडमास्तरांशी भांडायचे, तसे ते त्या मुलीसाठी आणि आईसाठी भांडत होते. मी त्यांना ही ओळ नेहमी भांड्यासाठी म्हणताना ऐकलं होतं. ती मुळात कशासाठी आहे हे मला त्या दुपारी कळलं.

आणि मधेच त्यांची जीभ अडली. ओळ तुटली. ते शोधायला लागले, मानेची शीर ताठ झाली, ओठ हलले, पण शब्द येईना. मी पुस्तकाकडे वळणार तोच आई बोलली. खाली जमिनीकडे बघत, अगदी बारीक आवाजात.

"कुठवर मी जिवाला घोर लावून घेऊ," ती म्हणाली. "दिवसभर काळजात दुःख बाळगू."

पप्पा थांबले. मीही थांबले. आईला स्तोत्र येतं हे आमच्या गावीही नव्हतं. इतकी वर्षं सुपातले खडे वेचत असताना तिने ती सगळी ऐकून ठेवली होती, आणि एकही वाया घालवलं नव्हतं. पप्पांनी पुढची ओळ म्हटली. तिच्या पुढची आईने. एक त्यांची, एक तिची. त्यांची मोठ्याने, तिची कुजबुजल्यासारखी. ते स्तोत्र शेवटी भरवशाकडे वळतं, गाण्याने संपतं. तिथवर आल्यावर आईने हात वर केला.

"पुढचं नको," ती म्हणाली. "पुढचं आज माझ्याच्यानं म्हणवणार नाही."

पप्पांनी मान डोलावली. त्यांनाही ते चाललं. असं अर्ध्यावर सोडलेलं स्तोत्र मी आमच्या घरात पहिल्यांदाच ऐकलं, आणि खोलीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. आजही मला कोणी विचारलं की देव तुझ्याजवळ पहिल्यांदा कधी आला, तर मी ती शांतता सांगते. कोणाचं काही बरं झालं नव्हतं. मेलेली मुलगी मेलेलीच होती. पण आपण इतका वेळ भिंतीशी बोलत नव्हतो, हे आम्हा तिघांनाही एकदम कळल्यासारखं झालं.

मग आईने चप्पल काढली, हातपाय धुतले, आणि पप्पांच्या जेवणाची वेळ टळून गेली होती म्हणून मऊ भाताचं ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली. तिने चमचा पुढे केला. पप्पांनी तो डाव्या हाताने बाजूला सारला.

"आता काय?" आई म्हणाली. "मेतकूट हवंय?"

पप्पांनी मेंढपाळाचं स्तोत्र सुरू केलं. पण सुरुवातीपासून नाही. मधूनच, जिथे देवाला 'तू माझ्यापुढे ताट वाढतोस' असं म्हटलंय तिथून. "तू," ते म्हणाले आणि थांबले. चुकलं असावं म्हणून मी शब्द पुरवायला गेले, तर त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. "तू..." पुन्हा थांबले. मग डावा हात पुढे करून आईचं मनगट धरलं. ओठ आवळले, उघडले. "ली," ते म्हणाले. "ली... लीला." आणि त्या एका नावाच्या मागून, बांध फुटावा तशी, सगळी ओळ आली. "लीला माझ्यापुढे ताट वाढते. माझ्या वैऱ्यांच्या देखत."

वैऱ्यांच्या म्हणताना त्यांची नजर हळूच उघड्या दाराकडे गेली. दारात लेलेकाका ब्रश हातात घेऊन उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण ते लेले होते.

"वा साळवे," ते म्हणाले. "इतके महिने घसा कोरडा करून पेपर वाचला, आणि शेवटी वैरी आम्हीच."

आईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडाला पदर लावून, मग पदर सुटून. चमच्यातला भात तिच्या पांढऱ्या साडीवर सांडला. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पप्पा तिचं मनगट सोडत नव्हते. ते पुन्हा म्हणाले, "लीला माझ्यापुढे ताट वाढते," आणि ती म्हणाली, "हो हो, वाढते, हात सोडाल तर वाढते ना! प्रमे, बघत काय राहिलीस, फडकं आण."

देवाच्या जागी पप्पांनी बायकोचं नाव घातलं, हे पाळकसाहेबांना मी कधी सांगितलं नाही. त्यांना खटकलं असतं, की त्यांनी मान डोलावली असती, मला माहीत नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, आई गेल्यानंतर, मी स्वतः त्यावर पुष्कळ विचार केला. पप्पांनी देवाला उठवून तिथे आईला बसवलं असं मला वाटत नाही. ताट कोणाच्या हाताने पुढे येतं ते त्यांना दिसलं, आणि जे दिसलं ते त्यांनी हाताशी असलेल्या शब्दांत सांगितलं. दुसरे शब्द त्यांच्याजवळ नव्हते.

नुसतं "लीला" त्यांना शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. नाव यायचं ते त्या ओळीतूनच. तिला हाक मारायची झाली की ओळ सुरू करावी लागायची, आणि आई पहिल्या शब्दालाच ओ द्यायची. बाकीचं बोलणं काही परत आलं नाही. हात नाही, पाय नाही. पुढच्या जूनमध्ये मी कॉलेजात परत गेले, कारण लेलेकाकूंनी आईला सांगितलं, सकाळचं आम्ही बघतो. मी दुपारी घरी आले की काकू म्हणायच्या, "आज हरिणी फार झाली गं. ऊन किती आहे!" आई थकत होती ती थकतच राहिली. घर सुखी झालं असं मी म्हणणार नाही. पाठ दुखायची, चादरी धुवाव्या लागायच्या, काही दिवस कोणीच कोणाशी बोलायचं नाही. लोक मला म्हणतात, स्तोत्रांनी तुम्हाला आनंद दिला. दिला. पण तो थकव्याच्या ऐवजी नव्हता. थकव्याच्या आतच कुठेतरी तो असायचा, आणि त्याच्यासाठी थकवा आधी संपावा लागत नसे.

त्या दुपारनंतरची सकाळ तेवढी सांगायची राहिली. मी स्वयंपाकघरात खाली झोपायचे. उजाडत होतं, नळ आला होता, आणि आई पिंप भरत होती. बादलीत पाणी पडण्याच्या आवाजात मला तिचा आवाज ऐकू आला. आदल्या दिवशी जे म्हणवणार नाही म्हणाली होती, तेच ती म्हणत होती, ते भरवशाचं, शेवटचं. एक ओळ म्हणून ती थांबली. बादली उचलली, पिंपात ओतली, पुन्हा नळाखाली लावली. मला वाटलं ती विसरली. पण बाहेरच्या खोलीतून, अंथरुणातून, झोपेने जड झालेल्या आवाजात पप्पांनी पुढची ओळ म्हटली. आईने तिच्या पुढची. भिंतीच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आणि मधे पाणी. मी पांघरूण डोक्यावर ओढलं. ऐकत राहायचं ठरवलं होतं, पण ऐकता ऐकताच माझा डोळा लागला. मी उठले तेव्हा ऊन खिडकीतून ओट्यापर्यंत आलं होतं, पिंप काठोकाठ भरलेलं होतं, आणि आई कधीच ड्यूटीवर निघून गेली होती. मला कोणी उठवलं नव्हतं.